मासा मेला म्हणजे संकट टळले?



नायगावच्या बी. डी. डी. चाळीतून एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा सहावीत शिकतो. शाळेच्या वाटेवरील दुकानात त्याने नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला समुद्रातला मासा पाहिला आणि तेव्हापासून घरात एकच धोशा लावला आहे, आपल्याकडे खाऱ्या पाण्याचा फिश टँक हवा. आजी म्हणते, आणा, घरात मासे असले की घरावर येणारे संकट ते आपल्या अंगावर घेतात. वडील म्हणतात, मासे मरणार आणि पैसे पाण्यात जाणार. ताई विचारतात, "आपल्यासारख्यांना हे झेपेल का? आणि आपल्या धम्माला ते धरून होईल का?"

दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत. पहिला हिशेबाचा आहे, दुसरा विचाराचा. पण दोन्हींची उत्तरे शेवटी एकाच ठिकाणी येऊन मिळतात असा आमचा अनुभव आहे.

अनुभव म्हणण्याचे कारण, यातली चूक आम्ही स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका रविवारी परळच्या आमच्या खोलीत टाकी, वाळू, मीठ आणि चार मासे असे सगळे एकाच फेरीत आणले. दुकानदाराने सांगितले होते, पाणी भरा, मीठ टाका, मासे सोडा. संध्याकाळी मजल्यावरची सगळी मुले दारात जमली. मंगळवारी एक मासा वर येऊन धापा टाकू लागला. गुरुवारपर्यंत चारही गेले. पाणी मात्र शेवटपर्यंत काचेसारखे स्वच्छ दिसत होते.

शेजारच्या काकू समजूत घालायला आल्या. म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या घरावरचे काहीतरी होते, ते त्यांनी नेले." घरातली लहान मुलगी रडायची थांबली. क्षणभर आम्हांलाही बरे वाटले. ते बरे वाटणेच आम्हांला आजपर्यंत बोचते आहे.

पुढे मत्स्यालयात नोकरी केलेले एक जाणते गृहस्थ भेटले. त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी एकच विचारले, "पाण्यातला अमोनिया मोजला होता का?" आम्ही गप्प राहिलो. त्या चार माशांनी आमचे कोणतेही संकट नेले नव्हते. आम्हीच त्यांच्यावर संकट आणले होते, आणि वर त्याला पुण्याचे नाव देऊन मोकळे झालो होतो.

कारणाशिवाय कार्य नाही

स्वच्छ पाण्यात मासा का मेला, हे आधी समजून घेऊ. सगळे शास्त्र यातच आहे.

मासा श्वास घेतो तेव्हा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. त्याची विष्ठा आणि उरलेले अन्न कुजूनही अमोनियाच होतो. हे विष डोळ्यांना दिसत नाही. समुद्र अफाट असल्यामुळे तिथे ते विरून जाते. टाकीत ते साठत जाते. निसर्गात काही जिवाणू असे असतात की ते अमोनिया खाऊन त्याचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट थोड्या प्रमाणात माशाला सोसते आणि पाणी बदलले की ते कमी होते.

हे जिवाणू वाळूवर, दगडावर आणि फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात. पण नव्या टाकीत ते नसतात. त्यांची पुरेशी वस्ती होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहूनही जास्त. आमच्या माशांना आम्ही चार दिवससुद्धा दिले नाहीत. वस्ती वसण्यापूर्वीच बिऱ्हाड आणून टाकले.

गोड्या पाण्याच्या टाकीतही हेच घडते. पण खाऱ्या पाण्यात चूक जास्त महाग पडते. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ असतो, म्हणजे ते आम्लाच्या उलट बाजूचे असते. अशा पाण्यात अमोनिया अधिक जहाल बनतो. शिवाय खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो आणि पाणी तापले की आणखी कमी.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की परंपरेने चालत आले म्हणून काही मानू नका, स्वतः तपासून पाहा. अमोनिया तपासण्याची छोटी बाटली दुकानात मिळते. नळीत टाकीचे पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे आणि रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. आजीच्या श्रद्धेशी वाद घालत बसण्यापेक्षा नातवाने हा रंग आजीला दाखवावा. संकट कुठून आले ते नळीतच दिसते.

पाळणे म्हणजे पालन करणे

आता ताईंचा दुसरा प्रश्न. धम्माला हे धरून होईल का?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचे लालनपालन करण्याची प्रतिज्ञा आहे. आपण मुलांकडून ती पाठ करून घेतो. नुसती दया करून भागत नाही, पालनही करायचे आहे. पंचशीलातले पहिले शील हिंसा करू नका असे सांगते, तर ही प्रतिज्ञा एक पाऊल पुढे जाऊन सांभाळा असे सांगते. म्हणून आमच्या अल्पमतीने उत्तर असे आहे. जो जीव नीट सांभाळता येईल तेवढाच घरी आणावा. ज्याचे पालन होणार नाही तो शोभेसाठी आणणे म्हणजे पैसे देऊन केलेली हिंसाच होय. आणि पालन कसे करायचे हे शिकता येते. त्याला श्रीमंती लागत नाही, धीर आणि वही लागते.

आपल्या पिढीने समुद्रातले जिवंत रंगीत मासे पहिल्यांदा पाहिले ते चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. राणीचा बाग, मत्स्यालय आणि गिरगावची चौपाटी हा चाळकऱ्यांचा सुट्टीचा ठरलेला कार्यक्रम असे. २०१५ साली नवे रूप घेऊन ते पुन्हा उघडले तेव्हा डोक्यावरून मासे पोहणारा बोगदा पाहायला रांगा लागल्या होत्या. आता ती जुनी वास्तू बंद झाली आहे आणि आजच्या मुलांना ती नुसती ऐकून ठाऊक आहे. तिथे काचेच्या पुढे आपण असू, आणि काचेच्या मागे पंप, गाळण्या आणि पगारी माणसे राबत असत. घरच्या टाकीमागे पगारी माणूस नसतो. तिथे तुमचा सहावीतला मुलगा उभा असतो. म्हणून त्याला आधी शिकवा, टाकी मागाहून आणा.

टाकी केवढी, ठेवायची कुठे?

नवख्याने लहानात लहान टाकी घ्यावी असे वाटणे साहजिक आहे. पण इथे उलटे आहे. पाणी जितके कमी, तितके ते लवकर बिघडते. टेबलावरचा काचेचा गोल खारे पाणी भरण्यासाठी घेऊच नये. आमच्या मते दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच ही सुरुवातीची योग्य टाकी. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ८८ लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर प्रत्यक्षात ७० लिटर धरा.

७० लिटर पाणी म्हणजे ७० किलोहून थोडे जास्तच वजन. वाळू, दगड, काच आणि स्टँड धरून ते ११०-१२० किलोवर जाते. बी. डी. डी. चाळींची बांधणी सिमेंट काँक्रीटची आहे. गिरगावच्या किंवा लालबागच्या जुन्या चाळीत जमीन लाकडी तुळयांवर असते. तिथे टाकी खोलीच्या मधोमध ठेवू नये. भिंतीला लागून, तुळईवर भार येईल अशी ठेवावी, आणि जमीन हलत असेल तर ठेवूच नये. खिडकीचे ऊन टाकीवर येऊ देऊ नका, पाणी तापते आणि शेवाळ माजते. टीव्हीवर किंवा फ्रिजवर टाकी ठेवणे तर अगदीच धोक्याचे.

ज्यांना लवकरच पुनर्विकासात घर बदलायचे आहे त्यांनी थोडे थांबावे. जिवाणूंची वस्ती बसलेली टाकी हलवणे म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्यासारखे आहे.

विजेबद्दल एक सक्त सूचना. खारे पाणी वीज झपाट्याने वाहून नेते, आणि त्याचे शिंतोडे सुकले की वायरीवर मिठाचा थर बसतो. प्लग टाकीच्या खाली नव्हे, बाजूला उंचावर असावा. वायर प्लगपाशी येण्यापूर्वी खाली झोका घेईल अशी सोडावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोक्याच्या टोकाशी गळून पडते, प्लगमध्ये शिरत नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी बटणे बंद करावीत. घरात धक्का बसण्याआधी वीज तोडणारा स्विच नसेल तर वायरमनकडून तो आधी बसवून घ्यावा.

पाणी आणि मीठ

अनेकांना वाटते, समुद्र तर हाकेच्या अंतरावर आहे. चैत्यभूमीला वंदन करून येताना दादरच्या किनाऱ्यावरून दोन कॅन भरून आणले की झाले. तसे करू नका. शहराचे नाले त्याच किनाऱ्यांवर समुद्राला मिळतात. पावसाळ्यात तर किनाऱ्याजवळचे पाणी गोडे पाणी मिसळून पातळही झालेले असते.

स्वयंपाकाचे मीठही चालत नाही. समुद्राच्या पाण्यात नुसते मीठ नसते, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे पुष्कळ काही ठरलेल्या प्रमाणात असते. त्यासाठी 'सी सॉल्ट' म्हणून पाकीट मिळते, तेच घ्यावे. एका लिटरला साधारण ३५-३६ ग्रॅम लागते. म्हणजे ७० लिटरला अडीच किलो.

नळाचे पाणी बादलीत भरून त्यातले क्लोरीन आधी घालवावे. हवेचा पंप लावून रात्रभर ठेवावे किंवा दुकानात मिळणारे हायपोचे थेंब सांगितलेल्या मापाने टाकावेत. मग मीठ घालून, हवा सोडून दिवसभर ढवळत ठेवावे. मीठ नेहमी बादलीत विरघळवावे, मासे असलेल्या टाकीत कधीच नाही. हायड्रोमीटर नावाचे छोटे माप मिळते, त्यावर १.०२३ ते १.०२६ आकडा आला की पाणी समुद्रासारखे झाले. ही बादली वेगळी ठेवावी. जिला एकदा साबण किंवा फिनेल लागले ती बादली या कामाची नाही.

टाकीत शिंपल्याच्या चुऱ्याची वाळू दीड-दोन इंच घालावी. कृत्रिम सच्छिद्र दगड रचावेत, त्यांच्या भोकांत जिवाणू राहतात. समुद्रावरचा दगड उचलून आणू नये. स्पंजचा फिल्टर किंवा बाहेर टांगायचा फिल्टर, पाणी हलवणारा एक छोटा पंप आणि एक दिवा एवढे सामान पुरते.

आता थांबायचे. मासा आणायचा नाही. कोलंबीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा पाण्यात टाकून ठेवा. तो कुजू लागला की अमोनिया होईल आणि जिवाणूंना अन्न मिळेल. दर तीन दिवसांनी पाणी तपासून आकडे वहीत लिहा. आधी अमोनिया चढेल. मग तो उतरेल आणि नायट्राइट चढेल. शेवटी दोन्ही शून्यावर येतील आणि नायट्रेट दिसू लागेल. सलग आठवडाभर दोन्ही शून्य राहिले की टाकी तयार झाली.

काही दुकानदार सांगतात की निळे डॅमसेल मासे आधी सोडा, ते टणक असतात, त्यांच्यावर टाकी तयार करा. म्हणजे एका जिवाला विषात ठेवून दुसऱ्यासाठी जागा करायची. आपण हे करू नये. कोलंबीचा तुकडा तेच काम करतो.

कोणता मासा आणावा, कोणता नाही?

त्या मुलाला हवा आहे तो विदूषक मासा. २००३ साली आलेल्या 'फाइंडिंग निमो' या चित्रपटापासून मुले त्याला निमो म्हणतात. गंमत अशी की तो चित्रपट टाकीसाठी पकडून नेलेल्या पिलाला शोधत निघालेल्या बापाचा आहे. तो पाहून जगभर मुलांनी तोच मासा टाकीसाठी मागितला!

पण या माशाची पैदास आता टाकीत होते. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने त्याचे तंत्र बसवले आहे. म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारावा, हा मासा पैदास केलेला आहे की समुद्रातून पकडलेला? फिलिपाइन्स आणि इंडोनेशियाच्या समुद्रात रंगीत मासे सायनाइड फवारून, गुंगवून पकडल्याची उदाहरणे आहेत. असे मासे पुढे फार जगत नाहीत आणि त्या विषाने आजूबाजूचे प्रवाळही मरते. उत्तर नीट मिळाले नाही तर त्या दुकानातून घेऊ नये.

७० लिटरला विदूषक माशांची एक जोडी पुरे. दोन लहान पिले एकदम आणावीत. हे सगळे मासे जन्मतः नर असतात आणि जोडीतला मोठा पुढे मादी होतो. मुलांना ही गोष्ट फार आवडते. त्यांना समुद्रफूल लागतेच असे नाही, त्याशिवायही ते नीट राहतात. पूर्ण वाढ तीन-साडेतीन इंच. चांगले सांभाळले तर ते दहा वर्षांहूनही अधिक जगतात. म्हणजे मुलगा पहिलीत असताना आणलेला मासा तो दहावीची परीक्षा देताना घरात असू शकतो. आणताना हे डोळ्यांसमोर ठेवा.

त्याच चित्रपटातला निळा मासा फूटभर वाढतो, त्याला ही टाकी म्हणजे कोठडी होईल. समुद्री घोडे आणि प्रवाळ तर घेऊच नयेत. २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांना संरक्षण आहे. म्हणजे वाघाला आहे तेच. कोस्टल रोडच्या कामात हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरची प्रवाळे आड आली, तेव्हा २०२० साली ती परवानगी घेऊन, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली कुलाब्याला हलवावी लागली होती. दुकानदार कोपऱ्यात नेऊन हळूच दाखवू लागला तर नमस्कार करून बाहेर पडावे.

क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा कुर्ल्याच्या मासे बाजारातून मासा आणायचा तर लोकलच्या गर्दीची वेळ टाळावी आणि पिशवी कापडात गुंडाळून अंधारात ठेवावी. घरी आल्यावर बंद पिशवी टाकीत पंधरा-वीस मिनिटे तरंगू द्यावी. मग तासभर थोडे थोडे टाकीचे पाणी पिशवीत घालावे आणि शेवटी मासा जाळीने उचलून सोडावा. दुकानाचे पाणी टाकीत ओतू नये.

रोजचे आणि पंधरवड्याचे काम

खाणे सकाळ-संध्याकाळ चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढेच. पाहुणा आला म्हणून जास्त घालू नये. आमच्या पाहण्यात टाकीतले मासे भुकेने कमी आणि लाडाने जास्त मेले आहेत.

रोज टाकीचे पाणी थोडे उडते. ते भरताना नवखा हमखास चुकतो. पाणी खारे आहे म्हणून भरही खाऱ्या पाण्याची घालतो. वडाळ्याकडची मिठागरे आठवा. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. टाकीतही तेच होते. म्हणून उडालेल्या पाण्याची भर नेहमी क्लोरीन घालवलेल्या गोड्या पाण्याने करावी. काचेवर भरलेल्या पातळीची खूण करून ठेवली की चुकत नाही.

दर पंधरवड्याला १० लिटर पाणी काढून तेवढेच नवे, आधी तयार केलेले खारे पाणी घालावे. लक्षात राहावे म्हणून आम्ही हे काम पौर्णिमेला आणि अमावास्येला धरतो. पौर्णिमेला विहारात जायचे असतेच, येऊन हेही करावे. यात शुभ-अशुभ काही नाही, फक्त पंधरवड्याची आठवण. फिल्टरचा स्पंज काढलेल्या खाऱ्या पाण्यातच हलका पिळावा. नळाखाली धुतला तर जिवाणू मरतात आणि पहिली गोष्ट पुन्हा घडते.

विदूषक माशाला २४ ते २७ अंश मानवते. आपल्या मे महिन्यात खोलीतले पाणी ३० च्या वर जाते. पाणी थंड करणारे यंत्र महाग आहे. झाकण उघडून पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात. मात्र मासा उडी मारू नये म्हणून वर जाळी हवी, आणि पाणी जास्त उडेल तेव्हा भरही जास्त घालावी लागेल.

महापालिकेची धूर फवारणी आली, ढेकणांचे औषध मारायचे असले किंवा डासांची कॉइल लावायची असली तर सावध राहा. ही औषधे माशांना फार घातक. टाकी ओल्या चादरीने झाकावी, हवेचा पंप तेवढ्यापुरता बंद ठेवावा आणि धूर गेला की लगेच सुरू करावा. वीज जाण्याचीही तयारी असावी. १२ ऑक्टोबर २०२० रोजी अख्ख्या मुंबईची वीज गेली होती. सेलवर चालणारा हवेचा छोटा पंप घरात असू द्यावा.

खर्चाचा कागद

आता वडिलांचा प्रश्न. भाव दुकानागणिक बदलतात, म्हणून आम्ही लागणाऱ्या वस्तू आणि त्यांची मोजमापे देतो. तीन दुकानांत विचारून त्यांपुढे रुपये लिहावेत.

एकदाचा खर्च: टाकी, स्टँड, फिल्टर, पंप, दिवा, छोटा पंखा, हायड्रोमीटर, तपासणीच्या बाटल्या, वाळू, दगड, पहिले अडीच किलो मीठ, आणि सगळ्यात शेवटी मासे.

चालू खर्च: पंधरवड्याला ३६० ग्रॅम म्हणजे वर्षाला सुमारे साडेनऊ किलो सी सॉल्ट. आठ वॅटचा फिल्टर दिवसरात्र आणि बारा वॅटचा दिवा आठ तास धरला तर महिन्याला नऊ युनिट वीज, आणि पाणी हलवणारा पंप दिवसरात्र चालतो त्याची त्याच्या वॅटप्रमाणे चार-पाच युनिट आणखी. शिवाय खाणे आणि तपासणीची औषधे.

हा कागद घरात सगळ्यांनी मिळून पाहावा. शाळेची फी, औषधपाणी आणि किराणा बाजूला काढून सहा महिन्यांचा चालू खर्च हातात असेल तरच पुढे जावे. हप्त्यावर किंवा उसने घेऊन टाकी आणू नये. टाकी आणल्यावर पैसे कमी पडले तर आपण पोट मारून काटकसर करतो, पण टाकीत ती काटकसर माशाच्या जिवावर होते.

आणि काही कारणाने सांभाळणे अशक्य झालेच तर मासे समुद्रात सोडून जीवदान दिले असे समजू नये. तिथल्या माशांना आपल्या टाकीतले रोग लागू शकतात. दुकानात परत द्यावेत किंवा जाणकाराच्या हवाली करावेत.

झेपत नसेल तर?

तर त्यात कमीपणा काही नाही. ताई, तुमच्या मुलाला समुद्र दाखवायला काच लागत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, आणि त्याच दिवसांत ओहोटीला पाणीही जास्त मागे हटते. तेव्हा मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर डबक्यांत समुद्रफुले, शंखात राहणारे खेकडे, कालवे दिसतात. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम २०१७ साली सुरू झाला आणि जाणकारांनी लोकांना बरोबर घेऊन हे किनारे दाखवले. नायगावहून शिवडी तर जवळच. तिथल्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या पाहून मुलगा हरखून जाईल. भरती-ओहोटीची वेळ पाहून, मोठ्या माणसासोबत, पावसाळा सोडून जावे. पाहावे, वहीत चित्र काढावे आणि दगड उलटला असेल तर पुन्हा होता तसा ठेवावा. घरी काही आणू नये.

आणि झेपत असेल तर आजच मुलाच्या हाती एक वही द्या. पहिल्या पानावर त्याच्याकडून खर्चाचा कागद लिहून घ्या. पुढच्या पानांवर सहा आठवड्यांचे रकाने आखून घ्या, तारीख, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, मिठाचा आकडा. मासे नसलेल्या टाकीसमोर तो रोज न कंटाळता बसला, तर त्याच्या हाती जीव द्यायला हरकत नाही.

आजींनाही आमचा जयभीम सांगा. त्यांना म्हणावे, मासे घरावरचे संकट घेत नाहीत. त्यांच्यावर संकट येऊ नये हे पाहण्याचे काम आता नातवाकडे आहे, आणि त्याने वही लिहिली की नाही हे पाहण्याचे काम तुमच्याकडे.